एका पदकामागची चारशे वर्षे : स्पॅनिश तलवारीचे वर्तुळ आणि पट्टी

ऑलिम्पिकच्या इतिहासात स्पेनच्या नावावर तलवारबाजीचे एकच पदक आहे. ते ब्राँझचे आहे आणि २००८ साली बीजिंगमध्ये मिळालेले आहे. पुरुषांच्या वैयक्तिक एपे प्रकारात इटलीचा मातेओ ताल्यारिओल पहिला आला, फ्रान्सचा फाब्रिस झाने दुसरा आला, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत हंगेरीच्या गाबोर बोत्स्कोला हरवून माद्रिदच्या होसे लुईस अबाहोने स्पेनचे खाते उघडले. त्यानंतर २०२४च्या पॅरिसपर्यंत त्या खात्यात भर पडलेली नाही.

आता दुसरी बाजू पाहू. तलवारबाजी हा १८९६ पासून एकाही ऑलिम्पिकमधून न वगळलेल्या मोजक्या खेळांपैकी एक आहे. म्हणजे संधी भरपूर होती. इटली आणि फ्रान्स यांनी या खेळात प्रत्येकी शंभराहून अधिक ऑलिम्पिक पदके मिळवली आहेत. हंगेरी त्यांच्या मागोमाग आहे. १९९२ साली बार्सिलोनात, म्हणजे घरच्या अंगणात, स्पेनने १३ सुवर्णांसह २२ पदके जिंकली. त्यांत तलवारबाजीचे एकही नव्हते.

हा आकडा वाचून कोणी म्हणेल, नसेल त्या देशाला तलवारीची आवड. पण गोष्ट नेमकी उलट आहे. तोलेदोची पाती जगभर मागितली जात. इंग्रजी-फ्रेंचमधला ‘रेपियर’ हा लांब, सरळ तलवारीचा शब्द ‘एस्पादा रोपेरा’ म्हणजे ‘पोशाखासोबतची तलवार’ या स्पॅनिश शब्दावरून आला असे अनेक अभ्यासक मानतात. आणि तलवार चालवण्याला भूमितीचे शास्त्र म्हणून उभे करणारी, पाऊण शतकाहून अधिक काळ ग्रंथांमागून ग्रंथ प्रसवणारी परंपराही स्पेनचीच. मग ज्या देशाने तलवारीवर एवढा विचार केला, त्याच्या हाती शतकभरात एकच ब्राँझ का? गेली काही वर्षे, कोणत्याही विद्यापीठाच्या वाटेला न जाता, शब्दकोश शेजारी ठेवून मी हे जुने स्पॅनिश ग्रंथ वाचतो आहे, ते या एका प्रश्नापायी. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

कारान्साचा ग्रंथ

हेरोनिमो सांचेस दे कारान्सा हा सेव्हिलचा गृहस्थ. मेदिना सिदोनियाच्या ड्यूकच्या आश्रयाला असलेला, शिकलेला, लॅटिन जाणणारा. त्याने १५६९ साली एक ग्रंथ लिहून पुरा केला आणि तो १५८२ साली सानलुकार दे बारामेदा या बंदराच्या गावी छापला. ग्रंथाचे नाव लांबलचक आहे. त्याचा आशय सांगायचा तर ‘शस्त्रांचे तत्त्वज्ञान, त्यांतले नैपुण्य, आणि ख्रिस्ती धर्माला धरून आक्रमण व बचाव’. ग्रंथ संवादरूप आहे. चार माणसे बसून बोलतात, शंका काढतात, उत्तरे देतात.

त्याच्या काळी तलवार शिकवणारे पुष्कळ होते. परीक्षा देऊन परवाना मिळवलेले उस्ताद गावोगाव शाळा चालवीत. त्यांच्याकडे डाव होते, पेच होते, गुरूकडून शिष्याकडे आलेल्या गुप्त खुब्या होत्या. कारान्साने या सगळ्याला ‘सामान्य’ म्हणजे गावठी तलवारबाजी ठरवले. त्याचे म्हणणे असे की, डाव पाठ करून माणूस तरबेज होत नाही. एखादा वार का लागतो आणि का चुकतो याचे कारण ज्याला ठाऊक आहे, तोच खरा तरबेज. म्हणून त्याच्या पद्धतीला नाव पडले ‘व्हेर्दादेरा देस्त्रेसा’, खरे नैपुण्य. देस्त्रेसा या शब्दात उजवा हातही आहे आणि कौशल्यही. आपल्या ‘दक्ष’ आणि ‘दक्षिण’ या शब्दांचे नाते आठवले तर हे चटकन कळेल.

कारान्सा पुढे होंडुरासचा राज्यपाल होऊन समुद्रापार गेला. त्याचा झेंडा पुढे नेला तो लुईस पाचेको दे नार्वाएसने. हा आंदालुसियातल्या बाएसा गावचा. १६०० साली माद्रिदमध्ये त्याचे ‘तलवारीच्या थोरवीचे पुस्तक’ प्रसिद्ध झाले. कारान्साचा ग्रंथ विद्वानांसाठी होता. नार्वाएसने तेच आकृत्या काढून, पायऱ्या पाडून, शिकणाऱ्यासाठी लिहिले. तो पुढे राजा चौथ्या फिलिपचा तलवारीचा गुरू झाला. गुरूच्या निधनानंतर मात्र त्याने कारान्साचेच दोष काढायला सुरुवात केली. शास्त्र एकाचे आणि कीर्ती दुसऱ्याची, हा प्रकार सगळीकडे सारखाच.

वर्तुळाचे गणित

या पद्धतीत नेमके काय होते? तीन गोष्टी समजल्या की पुरे.

पहिली गोष्ट हात. स्पॅनिश तलवारबाज ताठ उभा राही आणि तलवारीचा हात खांद्याच्या पातळीत सरळ समोर धरी. शरीर आणि हात यांच्यात काटकोन. कारण शाळेतल्या भूमितीचे आहे. खांद्यापासून समोरच्या माणसापर्यंतचे सर्वांत कमी अंतर आडव्या रेषेने मोजले जाते. हात खाली किंवा वर केला की तीच तलवार कर्णाच्या दिशेने जाते, आणि कर्ण नेहमीच बाजूपेक्षा लांब. म्हणजे काटकोनात धरलेली तलवार सर्वांत लांब पोचते आणि तिचे टोक सतत समोरच्याच्या तोंडापुढे राहते. त्याला आत यायचे तर आधी त्या टोकाची व्यवस्था लावावी लागते.

दुसरी गोष्ट पाय. दोन माणसे एका वर्तुळाच्या व्यासाच्या दोन टोकांवर उभी आहेत असे समजा. सरळ व्यासावरून पुढे गेलात तर समोरच्याच्या टोकावर जाऊन आपटाल. म्हणून व्यास सोडायचा आणि परिघावरून चालायचे, डावीकडे किंवा उजवीकडे. असे पाऊल पडले की समोरच्याची तलवार रिकाम्या जागेकडे रोखलेली राहते. तो वळेपर्यंत तुमच्यासाठी एक कोन उघडतो. या पावलाला स्पॅनिश ग्रंथांत ‘कोंपास’ म्हणतात. त्या भाषेत तोच शब्द वर्तुळ काढायच्या कंपासला आहे आणि संगीतातल्या तालालाही आहे. पाऊल, कंपास आणि ताल या तिन्हींसाठी एकच शब्द असणे हा योगायोग असला, तरी या पद्धतीचे याहून चांगले वर्णन मला सापडलेले नाही.

तिसरी गोष्ट पाते. समोरच्याच्या पात्यावर आपले पाते वरून असे ठेवायचे की त्याला सुटायला लांबचा रस्ता घ्यावा लागेल. आपण मात्र जवळच्या रस्त्याने पोचू. याला ‘आताहो’ म्हणत. नेहमीच्या स्पॅनिशमध्ये आताहो म्हणजे जवळची वाट, शॉर्टकट. त्यात ताकद लागत नाही. लागते ती फक्त पात्याच्या कोणत्या भागाने कोणत्या भागावर टेकायचे ही समज. मुठीजवळचा भाग बलवान, टोकाजवळचा दुबळा. तराजूच्या दांडीचे तत्त्व तलवारीला लावले इतकेच.

या तिन्हींच्या मुळाशी एक क्रम होता. आधी आपण जखमी व्हायचे नाही, मग समोरच्याला जखम करायची. त्या काळच्या द्वंद्वांत दोघेही एकमेकांवर धावून जाऊन दोघेही मरण्याचे प्रकार होत. कारान्साच्या ग्रंथनामातला ‘ख्रिस्ती बचाव’ तो हाच. स्वतःचा जीव राखणे हे धर्म्य, आणि जमल्यास शत्रूचाही.

या शास्त्राचा सर्वांत देखणा ग्रंथ स्पेनमध्ये झाला नाही, हीसुद्धा एक गंमत. अँटवर्पच्या जेरार तिबोने १६३० साली फ्रेंच भाषेत एक महाकाय ग्रंथ काढला. मोठमोठ्या ताम्रपटचित्रांत संगमरवरी दालनांच्या फरशीवर वर्तुळे आखलेली, त्यांवर पावलांचे ठसे, आणि माणसे तलवारी धरून उभी. आज ही चित्रे पाहणाऱ्याला नृत्याचे किंवा खगोलाचे पुस्तक हाती आल्यासारखे वाटते.

विनोदी लेखकांची साक्ष

एखादे शास्त्र समाजात किती मुरले होते, हे ग्रंथांपेक्षा त्याच्या थट्टेवरून जास्त कळते. स्पेनच्या दोन सर्वश्रेष्ठ गद्यलेखकांनी या भूमितीची दखल घेतली. एकाने कौतुकाने, दुसऱ्याने टोपी उडवून.

सर्व्हान्तेसच्या ‘दोन किहोते’चा दुसरा भाग १६१५ साली आला. त्याच्या एकोणिसाव्या प्रकरणात रस्त्यावर दोन विद्यार्थी भेटतात. एकाने तलवारीचे शास्त्र शिकलेले, दुसऱ्याचा, कोर्चुएलोचा, आपल्या दंडावर भरवसा. वाद वाढतो. सरावाच्या तलवारी हातात घेऊन दोघे तिथेच जुंपतात आणि दोन किहोते पंच होतो. कोर्चुएलो सिंहासारखा तुटून पडतो, पण शास्त्र शिकलेला गडी शांतपणे पावले टाकीत त्याच्या झग्याची एकेक गुंडी टिपतो, झगा चिंध्या करतो. शेवटी कोर्चुएलो वैतागून तलवारच भिरकावून देतो. ती किती लांब गेली याची साक्ष द्यायला लेखकाने एका कारकुनाला उभे केले आहे. पाऊण कोस! बळावर कलेची मात झाली हा त्याचा निष्कर्ष, आणि तो हसत हसत काढलेला.

फ्रान्सिस्को दे केवेदोचा सूर वेगळा. त्याच्या ‘बुस्कोन’ या १६२६ साली छापलेल्या कादंबरीत नायकाला वाटेत एक वेडा भेटतो. तो कोन, परीघ, पावले यांखेरीज बोलतच नाही. खाणावळीत उतरल्यावर तो स्वयंपाकघरातले मोठे डाव हातात घेऊन आपले सिद्धान्त सिद्ध करून दाखवू लागतो. वाचकाला कळत होते की बाण नार्वाएसवर सोडलेला आहे. केवेदोच्या सतराव्या शतकातल्या चरित्रकाराने, तार्सियाने, या वैराचा आरंभ सांगितला आहे. एका उमरावाच्या घरी नार्वाएसच्या नव्या पुस्तकावर चर्चा चालली होती. अमुक एका हल्ल्याला बचाव नाही, असे त्यात लिहिले होते. केवेदो म्हणाला, करून पाहू. दोघांनी तलवारी घेतल्या आणि केवेदोने पहिल्याच झटक्यात राजमान्य उस्तादाची टोपी डोक्यावरून उडवली. हा केवेदो पायाने अधू आणि नजरेने अंधुक होता. तो वापरी तसल्या नाकावर बसवायच्या चष्म्याला स्पॅनिशमध्ये आजही ‘केवेदोस’ म्हणतात. नार्वाएसने ही टोपी विसरली नाही. पुढे त्याने केवेदोच्या पुस्तकांविरुद्ध धर्मन्यायालयाकडे तक्रार गुदरली.

कथेत मीठमिरची असेल. पण तिच्यात एक खरा आक्षेप आहे. शास्त्र बरोबर असले तरी ते बाळगणारा माणूस पोथीपंडित होऊ शकतो, आणि समोर चष्मा लावलेला लंगडा कवी उभा असला तरी पोथी वेळेवर उघडेलच असे नाही.

त्याच राजाचे गोवे

इथे आपल्या किनाऱ्याशी या कथेचा एक धागा जुळतो. १५८० साली पोर्तुगालची गादी स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेली आणि १६४० पर्यंत दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर राहिले. म्हणजे कारान्साचा ग्रंथ छापला गेला तेव्हा गोव्याचा राजा स्पेनचा राजाच होता. नार्वाएसकडून तलवार शिकलेला चौथा फिलिप १६४० पर्यंत गोव्याचाही धनी होता. वसई, चौल, दमण इथल्या किल्ल्यांवर त्याच मुकुटाची हुकमत चाले.

माणसांबरोबर पाती येत. युरोपात घडवलेल्या लांब, सरळ पात्यांना आपल्याकडे मोठी मागणी होती. त्यांना आपल्याकडची मूठ बसवली जाई, आणि त्या तलवारीला नाव पडले ‘फिरंग’ किंवा ‘फिरंगी’. पाते परके, मूठ आपली. दांडपट्ट्यालाही अशी विलायती पाती बसवलेली आढळतात. यांतले प्रत्येक पाते स्पेनचेच, असे समजायचे मात्र कारण नाही. जर्मनीतल्या झोलिंगेनसारख्या गावचे कारागीर आपल्या पात्यांवर नामांकित स्पॅनिश व इटालियन कारागिरांची नावे सर्रास कोरीत. तोलेदोचे नाव तेवढे विकले जात होते. पाते आले तरी त्यासोबत वर्तुळाचे शास्त्र आले नाही. मराठ्यांचा हात मुख्यतः कापणारा होता आणि रेपियर मुख्यतः भोसकणारी. वस्तू सहज प्रवास करते. ती वापरायची रीत मात्र माणसाच्या अंगात असते.

तलवार हलकी झाली

मग हे वर्तुळ मोडले कधी?

पहिला घाव राजकारणाचा. १७०० साली स्पेनच्या गादीवर फ्रान्सच्या बूर्बों घराण्यातला पाचवा फिलिप आला. दरबारात फ्रेंच पोशाख आला, फ्रेंच शिष्टाचार आला आणि कमरेला फ्रेंच धर्तीची छोटी तलवार आली. जुन्या पद्धतीचे समर्थक गप्प बसले नाहीत. १७०५ साली फ्रान्सिस्को लोरेन्स दे रादाने ‘तलवारीचे कुलीनत्व’ नावाचा अवाढव्य ग्रंथ काढला. पण शंभर वर्षांनी, १८०५ साली, मानुएल आन्तोनियो दे ब्रेआने माद्रिदमध्ये जे पुस्तक छापले, त्याच्या नावात ‘खरे नैपुण्य’ हे जुने शब्द आहेत आणि शस्त्र मात्र ‘एस्पादिन’ म्हणजे छोटी तलवार आहे. पाटी जुनी राहिली, दुकानातला माल बदलला.

दुसरा घाव पदार्थविज्ञानाचा, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. रेपियर किलोभर किंवा त्याहून थोडी जड असे. एवढे लांब, जड पाते एका रेषेतून दुसऱ्या रेषेत न्यायला वेळ लागतो. त्या वेळात परिघावरून पाऊल टाकता येते. छोटी तलवार तिच्या निम्म्यापेक्षाही हलकी. तिचे टोक मनगटाच्या एका हालचालीने जागा बदलते. तुम्ही बाजूला पाऊल टाकेपर्यंत ते टोक तुमच्यापुढे पुन्हा हजर. अशा शस्त्राला सर्वांत फलदायी ठरते ती सरळ रेषेतली झेप, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून अंग झोकून देणे, ज्याला आज सगळे ‘लंज’ म्हणतात. इटालियन आणि फ्रेंच शाळांनी ही झेप आणि तिच्यावरचे उत्तर यांचेच शास्त्र बनवले. ताठ उभा राहणारा स्पॅनिश माणूस झेपेला धोकादायक मानी, कारण झेपावलेले शरीर परत सावरायला वेळ लागतो. जड तलवारीच्या जगात त्याचे म्हणणे बरोबर होते. जग हलके झाले आणि बरोबर असूनही ते मागे पडले.

पट्टी, तार आणि दिवा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तलवारबाजी खेळ म्हणून उभी राहिली ती या सरळ रेषेवर. १९१३ साली पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पंच आजही ‘आँ गार्द’, ‘आले’, ‘आल्त’ असे फ्रेंचमध्येच पुकारतो. खेळायची जागा म्हणजे १४ मीटर लांब आणि जेमतेम दीड ते दोन मीटर रुंद अशी पट्टी, ‘पिस्त’. पट्टीच्या बाजूला पाऊल गेले की खेळ थांबतो.

या एका नियमाचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. दोन मीटर रुंदीत परिघावरून चालता येत नाही. कारान्सा, नार्वाएस आणि तिबो यांनी जे वर्तुळ फरशीवर आखले, ते या पट्टीवर मावतच नाही. मुद्दाम कोणी स्पॅनिश पद्धतीला बंदी घातली असे नाही. ती तोवर तिच्या मायदेशीच विसरली गेली होती. पण ती पुन्हा जिवंत झाली असती, तरी तिला उभे राहायला या खेळात जागा उरली नव्हती.

म्हणून स्पेनला हा खेळ परका म्हणूनच शिकावा लागला. स्पॅनिश बोलणाऱ्या जगाला पहिले ऑलिम्पिक यश मिळाले ते क्यूबाच्या रामोन फोन्स्तकडून. १८८३ साली हवानात, म्हणजे तेव्हाच्या स्पॅनिश वसाहतीत जन्मलेल्या या मुलाने १९०० साली पॅरिसमध्ये, अवघ्या सोळाव्या वर्षी एपेचे सुवर्ण जिंकले आणि १९०४ मध्ये पुन्हा जिंकले. त्याची तलवार तयार झाली होती पॅरिसमध्ये, फ्रेंच गुरू आल्बेर आया याच्या हाताखाली. खुद्द स्पेनचे विसावे शतक खेळाला पोषक नव्हतेच. १९३६ साली यादवी युद्ध पेटले आणि स्पेन बर्लिनला गेला नाही. १९५६ साली हंगेरीत सोव्हिएत फौजा घुसल्याच्या निषेधार्थ मेलबर्नवर बहिष्कार टाकला. इटली, फ्रान्स आणि हंगेरीत ज्या काळात पिढ्यामागून पिढ्या एकाच आखाड्यात घडत होत्या, त्या काळात स्पेनमध्ये ती साखळी पुन्हा पुन्हा तुटत होती.

पेरेइरा आणि अबाहो

या पार्श्वभूमीवर स्पेनची दोन यशे पाहिली की त्यांचे मोल कळते. १९८९ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरला झालेल्या जागतिक स्पर्धेत मानुएल पेरेइरा विश्वविजेता झाला. आणि १९ वर्षांनी अबाहोने बीजिंगमध्ये ब्राँझ घेतले. दोन्ही यशे एकाच शस्त्राची आहेत: एपे.

आधुनिक खेळात तीन शस्त्रे आहेत. फॉइलमध्ये फक्त धडावर टोकाने स्पर्श करायचा. सेबरमध्ये कमरेच्या वर कुठेही, टोकाने किंवा पात्याच्या धारेनेही. आपल्या भवानी देवीमुळे टोकियो ऑलिम्पिकच्या वेळी अनेक भारतीयांनी पहिल्यांदा पाहिले ते हे सेबर. या दोन्हींत एक नियम आहे. दोघांचा स्पर्श एकदम झाला तर ज्याने रीतसर आक्रमण केले असे पंचाला वाटते त्यालाच गुण. एपेत हा नियम नाही. एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्या द्वंद्वांचा सराव म्हणून हे शस्त्र फ्रान्समध्ये रूढ झाले. द्वंद्वात पहिले रक्त कुठून निघाले याला महत्त्व नसते. म्हणून एपेत डोक्यापासून तळपायापर्यंत सगळे शरीर लक्ष्य. टोकावरचा खटका ७५० ग्रॅमहून अधिक दाबाने दाबला गेला की दिवा लागतो. साधारण एक पंचविसांश सेकंदाच्या आत दोघांचे दिवे लागले तर दोघांनाही गुण.

आता नार्वाएसचा ताठ, काटकोनी हात आठवा. एपे खेळणाऱ्यासाठी समोरच्याचे सर्वांत जवळचे लक्ष्य कोणते? त्याचा तलवारीचा हात. छाती लांब आहे, मनगट जवळ आहे. जो अंतर अचूक राखतो, हात लांब ठेवतो, समोरच्याला टोकावर यायला लावतो आणि घाई करत नाही, त्याला एपे फळते. आधी स्वतः वाचायचे, मग स्पर्श करायचा, हा जुना क्रम या एका शस्त्रात अजून शाबूत आहे.

अबाहो कारान्साचा वारस होता असे मी म्हणत नाही. तो इतरांसारखाच आधुनिक शाळेत घडला होता. कोणत्याही दोन परंपरांत साम्य दिसले की लगेच वंशावळ काढायचा मोह अभ्यासकाने आवरला पाहिजे. पण एवढे नक्की म्हणता येते की आधुनिक खेळाच्या तीन शस्त्रांपैकी ज्याचा विचार जुन्या स्पॅनिश विचाराला सर्वांत जवळचा आहे, त्याच शस्त्राने स्पेनला जगज्जेतेपद दिले आणि त्याचे एकमेव ऑलिम्पिक पदकही.

आणखी एक तपशील. जागतिक स्पर्धेत उपान्त्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही ब्राँझ मिळते. ऑलिम्पिकमध्ये तसे नाही. तिथे दोन पराभूतांना पुन्हा एकमेकांसमोर उभे राहावे लागते आणि एकजण रिकाम्या हाताने परततो. काही वेळापूर्वीच सुवर्णाची आशा सुटलेला माणूस पुन्हा मुखवटा चढवतो आणि पट्टीवर येतो. अबाहोने मिळवलेले ब्राँझ हे असे हरल्यानंतर जिंकलेले आहे. पदकतक्त्यात हे दिसत नाही.

तक्त्याबाहेरचे

पदकतक्ता खोटे बोलत नाही. पण तो एकाच पट्टीवर उभे राहून बोलतो. ज्यांनी पट्टी आखली त्यांची कर्तबगारी त्यात पूर्ण उतरते, आणि ज्यांचे ज्ञान त्या रुंदीत मावले नाही त्यांच्यापुढे शून्य पडते. स्पेनच्या एका ब्राँझचा अर्थ ‘स्पेनला तलवार येत नव्हती’ असा काढणे म्हणूनच चूक. आणि ‘स्पेनवर अन्याय झाला’ असे म्हणणेही तितकेच चूक. शस्त्र बदलले, पाया सरकला, मायदेशाने स्वतःच आपले शास्त्र टाकले. केवेदोने उडवलेली टोपीही विसरता कामा नये.

गेल्या काही दशकांत मात्र एक वेगळेच काम सुरू झाले आहे. स्पेनमध्ये, युरोपच्या इतर देशांत आणि अमेरिकेत लहान लहान मंडळे कारान्सा-नार्वाएसचे ग्रंथ पुन्हा वाचत आहेत. जमिनीवर खडूने वर्तुळ आखतात, जुन्या वजनाच्या तलवारी घडवून घेतात, आणि एकेक सिद्धान्त अंगाने तपासून पाहतात. चारशे वर्षांपूर्वी छापलेले एखादे वाक्य पाऊल टाकल्याशिवाय कळतच नाही, हा त्यांचा अनुभव आहे. त्यांच्या कामाला ऑलिम्पिक नाही. पण कारान्साची मूळ अट ते पाळत आहेत. वार लागला एवढ्यावर न थांबता तो का लागला हे त्यांना समजून घ्यायचे आहे.

वाचकांपैकी कोणी पुढच्या ऑलिम्पिकला एपेची लढत पाहिली, तर दिव्याकडे पाहू नये. दिवा उशिराच लागतो. दोन्ही खेळाडूंच्या तलवारीच्या हातांकडे आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या अंतराकडे पाहावे. ते अंतर कोण राखतो आहे आणि कोण मोडतो आहे, हे एकदा दिसू लागले की पंचाने हात वर करण्याआधीच निकाल कळू लागतो. सानलुकारच्या बंदरात १५८२ साली छापलेल्या त्या संवादांत चार माणसे बसून बोलत होती ती याच अंतराविषयी.